शुभ्रता मापन

शुभ्रता मापन म्हणजे एखाद्या पदार्थाचा पृष्ठभाग किती पांढरा आहे आणि त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश तो परत फेकतो, हे उपकरणांच्या साहाय्याने अंकांत मांडण्याचे तंत्र होय. कागद, कापड, रुई, साखर, तांदूळ, मैदा, मीठ, चिनी माती आणि रंग यांच्या उत्पादनात व खरेदी-विक्रीत या तंत्राचा नित्य वापर होतो. व्यवहारात ‘पांढरेपणा’ या एकाच शब्दाने तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. दृश्य प्रकाशाचे एकूण परावर्तन ही पहिली. वर्णपटाच्या केवळ निळ्या भागातील परावर्तन, ज्याला कागद उद्योगात ‘ब्राइटनेस’ म्हणतात, ही दुसरी. माणसाच्या डोळ्यांना जाणवणारी शुभ्रता ही तिसरी. या तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. झेरॉक्ससाठी वापरल्या जाणाऱ्या एकाच कागदाचा ब्राइटनेस १०० च्या आसपास आणि शुभ्रतांक १५० च्या आसपास असू शकतो, आणि दोन्ही आकडे बरोबर असतात.

पदार्थ पांढरा का दिसतो

पांढरेपणासाठी कोणत्याही पांढऱ्या रंगद्रव्याची गरज असतेच असे नाही. साखरेचा किंवा मिठाचा मोठा खडा जवळजवळ पारदर्शक असतो. तोच कुटला की पांढरी पूड होते. पदार्थ तोच राहतो, परंतु हवा आणि स्फटिक यांच्यामधील सीमापृष्ठांची संख्या कित्येक पटींनी वाढते. प्रत्येक सीमेवर प्रकाशाचा थोडा भाग परावर्तित व थोडा अपवर्तित होतो, आणि अशा असंख्य वळणांनंतर तो सर्व दिशांना विखरून बाहेर पडतो. या प्रक्रियेस प्रकीर्णन म्हणतात. प्रकीर्णन भरपूर आणि शोषण अत्यल्प, तेही सर्व तरंगलांब्यांवर सारखेच, अशी स्थिती असली की पदार्थ पांढरा दिसतो. बर्फाचा भुगा, कापूस, दुधाचा फेस आणि कागद यांच्या पांढरेपणामागे हेच कारण आहे.

प्रकीर्णन किती होईल हे दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतील फरकावर अवलंबून असते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल रूपाचा अपवर्तनांक सुमारे २.७ आहे. रंगातील बंधकाचा साधारण १.५ असतो. फरक मोठा असल्यामुळे या द्रव्याचा पातळ थरही खालची भिंत झाकून टाकतो. चुन्याचे तसे नाही. चुन्याची सफेदी ओली असताना भिंत नीट झाकत नाही, वाळल्यावरच पांढरी दिसते. कारण कणांमधील पाण्याची जागा हवेने घेतली की अपवर्तनांकांतील फरक वाढतो. ओले कापड गडद दिसण्याचे कारण हेच, फक्त उलट्या दिशेने. यामुळेच शुभ्रता मोजण्यापूर्वी नमुन्याची आर्द्रता ठरावीक पातळीवर आणणे आवश्यक मानले जाते.

पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ मध्ये शोषण व प्रकीर्णन यांचे परावर्तनाशी असलेले नाते एका साध्या सूत्रात मांडले. पदार्थाचा थर पुरेसा जाड असेल, तर शोषणांक भागिले प्रकीर्णनांक हे गुणोत्तर (१ − प)² ÷ २प एवढे असते. येथे ‘प’ म्हणजे अपूर्णांकात मांडलेले परावर्तन. परावर्तन ०.७० असताना हे गुणोत्तर ०.०६४ येते, ०.८० ला ०.०२५ आणि ०.९० ला केवळ ०.००५६. म्हणजे ८० वरून ९० टक्क्यांवर जाण्यासाठी पदार्थातील रंगीत अशुद्धीचे शोषण जवळजवळ साडेचार पट कमी करावे लागते. विरंजनाच्या शेवटच्या टप्प्यात थोड्याशा शुभ्रतेसाठी रसायनांचा खर्च एवढा का वाढतो, याचे उत्तर या आकडेमोडीत आहे. उलट बाजूने पाहता, अतिशय पांढऱ्या मालात किंचित मळ मिसळला तरी त्याचा परिणाम लगेच दिसतो.

तुलनेचे प्रमाण

परावर्तन नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजले जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर हे सर्वमान्य प्रमाण होते. मॅग्नेशियमची फीत जाळून तिचा पांढरा धूर पट्टीवर धरला की असा थर मिळत असे. तो बनवणे सोपे असले तरी त्यात दोन दोष होते. तो आपाती प्रकाशापैकी दोन-तीन टक्के प्रकाश शोषून घेत असे, आणि काही दिवसांत विशेषतः वर्णपटाच्या निळ्या टोकाकडे पिवळसर पडत असे. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने, म्हणजेच सीआयईने, १९६९ पासून त्याऐवजी ‘परिपूर्ण परावर्तक विसारक’ हे प्रमाण स्वीकारले. हा पृष्ठभाग पडलेला सर्व प्रकाश, काहीही न शोषता, सर्व दिशांना सारख्याच तेजस्वितेने परत देतो. अर्थात असा पदार्थ प्रत्यक्षात अस्तित्वात नाही. ते केवळ गणिती प्रमाण आहे. बदलापूर्वीचे आकडे मॅग्नेशियम ऑक्साइडच्या तुलनेत काढलेले असल्यामुळे नव्या आकड्यांपेक्षा किंचित जास्त दिसतात. जुने तांत्रिक अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

या गणिती प्रमाणापासून कारखान्यातील उपकरणापर्यंत एक साखळी असते. कागदाच्या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, तिच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिल्या पायरीवर परिपूर्ण विसारक, दुसऱ्या पायरीवर मोजक्या प्रमाणन प्रयोगशाळांनी त्याच्याशी जोडलेले नमुने, आणि तिसऱ्या पायरीवर अधिकृत प्रयोगशाळांनी कारखान्यांना पुरवलेले नमुने. रोजच्या वापरासाठी दाबून बसवलेली बेरियम सल्फेटची वडी, टेफ्लॉनच्या पुडीपासून तापवून घडवलेला ठोकळा किंवा पांढरी चिनी मातीची फरशी घेतात. टेफ्लॉनचा ठोकळा दृश्य प्रकाशाचे सुमारे ९९ टक्के परावर्तन करतो. फरशीचे परावर्तन कमी असते, पण ती धुता येते आणि वर्षानुवर्षे टिकते.

उपकरणे आणि त्यांची रचना

प्रकाश कोणत्या दिशेने पाडला व कोणत्या दिशेने पाहिला, यावर आकडा बदलतो. चकचकीत पृष्ठभागावरून दोन प्रकारचे परावर्तन होते. एक आरशासारखे नियमित आणि दुसरे सर्व दिशांना पसरणारे विसरित. शुभ्रता ही मुख्यतः विसरित परावर्तनाशी निगडित आहे, तर चकाकी नियमित परावर्तनाशी. मराठीत ‘चमक’ हा शब्द दोन्हींसाठी वापरला जातो, आणि ‘ब्राइटनेस’चे भाषांतरही पुष्कळदा ‘चमक’ असेच होते. त्यामुळे मराठी मजकुरात या तीन संकल्पनांची सरमिसळ झालेली आढळते. अत्यंत चकचकीत काळी फरशी चमकदार असते, पण तिचा ब्राइटनेस नगण्य असतो.

मापनाच्या दोन रचना प्रचलित आहेत. पहिलीत नमुन्यावर ४५ अंशांच्या कोनातून प्रकाश पाडून तो लंबदिशेने मोजतात, त्यामुळे चकाकीचा भाग आपोआप वगळला जातो. दुसरीत आतून पांढरा लेप दिलेला पोकळ गोल वापरतात. त्यात शिरलेला प्रकाश वारंवार परावर्तित होऊन नमुन्यावर सर्व बाजूंनी सारखा पडतो आणि तो लंबदिशेने किंवा ८ अंशांच्या कोनातून मोजला जातो. अमेरिकेतील टॅपी या संस्थेची जुनी पद्धत पहिल्या रचनेवर आधारलेली आहे, आयएसओची दुसऱ्या. एकाच कागदाचे या दोन पद्धतींनी आलेले आकडे निरनिराळे असतात आणि एकावरून दुसरा काढण्याचे सर्व कागदांना लागू पडेल असे सूत्र नाही. म्हणून आयात-निर्यातीच्या करारात आकड्याबरोबर पद्धतीचा उल्लेख असणे महत्त्वाचे ठरते.

कागद व कापड काही अंशी पारभासक असतात. एकच पान मोजल्यास खालच्या पृष्ठभागाचा रंग आकड्यात उतरतो. म्हणून कागदाची चवड करतात आणि कापडाच्या घड्या घालतात. आणखी एक थर वाढवूनही वाचन बदलत नाही, एवढी जाडी झाली की मोजतात.

पूर्वी तीन-चार रंगीत गाळण्या बसवलेले परावर्तनमापक वापरात होते. संपूर्ण वर्णपटावरील परावर्तनाचा आलेख आपोआप काढणारे उपकरण मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील आर्थर हार्डी यांनी विकसित केले आणि १९३० च्या दशकात ते बाजारात आले. आजची स्पेक्ट्रोफोटोमीटर उपकरणे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील परावर्तन क्षणार्धात नोंदवतात व त्यावरून हवा तो निर्देशांक संगणक काढतो.

कागदाचा ब्राइटनेस

ब्राइटनेस हा ४५७ नॅनोमीटर या प्रभावी तरंगलांबीभोवतीच्या अरुंद निळ्या पट्ट्यातील परावर्तनाचा आकडा आहे. हा पट्टा निवडण्यामागे डोळ्यांचा संबंध नव्हता. लाकडातील लिग्निन व त्याची अवशिष्ट द्रव्ये निळा प्रकाश शोषतात, त्यामुळे विरंजन कितपत झाले हे निळ्या भागात सर्वांत स्पष्ट दिसते. थोडक्यात, लगदा बनवणाऱ्याला आपली प्रक्रिया तपासण्यासाठी हे माप हवे होते. वृत्तपत्राच्या कागदाचा ब्राइटनेस साधारण साठीच्या घरात असतो, पूर्ण विरंजित रासायनिक लगद्याचा नव्वदीच्या जवळ. पुढे हाच आकडा वह्यांच्या वेष्टनांवर आणि कागदाच्या रिमांवर ग्राहकाला दाखवण्यासाठी छापला जाऊ लागला. वर्णपटाचा उरलेला भाग तो विचारातच घेत नाही. निळसर रंगवलेला कागद आणि तटस्थ पांढरा कागद यांचा ब्राइटनेस सारखा येऊ शकतो. भारतात लेखन व छपाईच्या कागदासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १८४८ हे मानक आहे.

नीळ आणि सीआयई शुभ्रतांक

धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना नीळ देण्याची पद्धत महाराष्ट्रातील घरोघरी परिचित आहे. नीळ हे रंगद्रव्य प्रकाश शोषते, म्हणजे नीळ दिलेले कापड आधीपेक्षा कमी प्रकाश परावर्तित करते. तरीही ते अधिक पांढरे दिसते. सुती धाग्याची नैसर्गिक छटा पिवळसर असते, निळीमुळे ती झाकली जाते. आणि माणसाचा डोळा किंचित निळसर पांढऱ्याला तटस्थ पांढऱ्यापेक्षा शुभ्र मानतो. केवळ परावर्तन मोजून शुभ्रता सांगता येत नाही याचे हे सर्वांत सोपे उदाहरण आहे.

ही जाणीव अंकांत बसवण्यासाठी विसाव्या शतकात हंटर, टाउबे, स्टेन्सबी, बर्गर इत्यादींनी वेगवेगळी सूत्रे सुचवली, आणि प्रत्येक उद्योगाने आपापले सूत्र धरले. एर्न्स्ट गांझ यांच्या कामावर आधारलेले सूत्र १९८० च्या दशकात सीआयईने स्वीकारल्यानंतर बरीचशी एकवाक्यता आली. दिवसाच्या प्रकाशाचे प्रमाण मानलेला डी६५ हा प्रदीपक आणि १० अंशांचे दृष्टिक्षेत्र यांसाठी ते असे आहे:

शु = प्र + ८०० × (०.३१३८ − क्ष) + १७०० × (०.३३१० − य)

येथे ‘शु’ हा शुभ्रतांक, ‘प्र’ डोळ्याच्या संवेदनक्षमतेनुसार काढलेले परावर्तन टक्क्यांत, आणि क्ष व य हे नमुन्याच्या रंगाचे निर्देशांक आहेत. परिपूर्ण विसारकाचा शुभ्रतांक १०० येतो. उदाहरणादाखल, नीळ न दिलेल्या कापडासाठी प्र = ८८, क्ष = ०.३१७०, य = ०.३३५० असे धरल्यास शुभ्रतांक सुमारे ७८.६ होतो. नीळ दिल्यावर प्र घटून ८४ झाले, पण क्ष ०.३११० व य ०.३२८० झाले, तर शुभ्रतांक सुमारे ९१.३ होतो. परावर्तन चार अंकांनी उतरले आणि शुभ्रता जवळजवळ तेरा अंकांनी चढली.

या सूत्राला मर्यादा आहेत. निळी छटा वाढवत नेली तर ते आकडा वाढवतच राहील आणि निळ्या कापडालाही शुभ्र ठरवील. म्हणून शुभ्रतांक ४० पेक्षा अधिक आणि ‘५ × प्र − २८०’ पेक्षा कमी असेल तरच तो ग्राह्य मानतात. जोडीला छटांक नावाचा दुसरा आकडा काढला जातो. तो धन असेल तर छटा हिरवट आणि ऋण असेल तर तांबूस समजावी. शिवाय ही तुलना एकाच उपकरणावर, जवळपास एकाच वेळी मोजलेल्या नमुन्यांपुरतीच खात्रीची समजली जाते.

अनुस्फुरणाचा पेच

पॉल क्राइस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये हॉर्स चेस्टनट या झाडापासून मिळणाऱ्या एस्क्युलिन या द्रव्याने कापड अधिक शुभ्र दिसते असे दाखवले. हे द्रव्य डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून त्यांची ऊर्जा निळ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकते. या गुणधर्माला अनुस्फुरण म्हणतात. एस्क्युलिन टिकाऊ नव्हते, परंतु त्याच तत्त्वावरील कृत्रिम शुभ्रके, विशेषतः स्टिल्बीनवर्गीय संयुगे, पुढे साबणाच्या पुडीत, कापडात व कागदात सर्रास वापरली जाऊ लागली. नीळ पिवळेपणा झाकण्यासाठी प्रकाश कमी करते. शुभ्रक निळा प्रकाश वाढवते. अशा कागदातून ४४० नॅनोमीटरच्या आसपास बाहेर पडणारा प्रकाश त्या तरंगलांबीच्या आपाती प्रकाशाच्या १०० टक्क्यांहून अधिक भरू शकतो. यात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा भंग होत नाही. जादा ऊर्जा अतिनील भागातून आलेली असते.

मापनाला मात्र यामुळे पेच पडतो. उपकरणाच्या दिव्यात अतिनील किरण किती आहेत, यावरच आकडा अवलंबून राहतो. म्हणून आयएसओने ब्राइटनेसचे दोन प्रकार केले आहेत. एकात अतिनील भाग घरातील प्रकाशाइतका, दुसऱ्यात बाहेरच्या दिवसाच्या प्रकाशाइतका ठेवतात. दिवा जुना होत जातो तसा त्याचा अतिनील भाग बदलतो, त्यामुळे अनुस्फुरक प्रमाण नमुन्यांच्या आधारे तो वारंवार जुळवून घ्यावा लागतो. आणि हे नमुनेही उजेडाने उतरतात. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की दुकानाबाहेर उन्हात लख्ख दिसणारा सदरा किंवा कागद साध्या एलईडी दिव्याखाली फिका दिसू शकतो, कारण त्या दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात. शुभ्रकाची मात्रा प्रमाणाबाहेर गेल्यास छटा हिरवट होते आणि शुभ्रतांक वाढायचा थांबतो.

रुई, साखर आणि तांदूळ

शेतमालात मापनाचा थेट संबंध भावाशी असतो. रुईची प्रत ठरवताना परावर्तनाचा टक्का व पिवळेपणाचा अंक हे दोन स्वतंत्र आकडे घेतले जातात. डोरोथी निकरसन व रिचर्ड हंटर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आलेखावर त्यांचे स्थान पाहून रंगाची श्रेणी ठरते. पावसात भिजल्याने, बुरशीने किंवा धुळीने परावर्तन घटते, तर साठवणुकीत पिवळेपणा वाढतो. दोन आकडे वेगळे ठेवल्यामुळे दोष कुठे झाला याचाही अंदाज येतो. एकच शुभ्रतांक हे सांगू शकत नाही. भारतात कापसाच्या अशा चाचण्यांचे काम करणारी मुंबईतील माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ मध्ये स्थापन झाली.

महाराष्ट्रातील साखर बाजारात ‘एम-३०’ व ‘एस-३०’ ही नावे रोज ऐकू येतात. यातील अक्षर दाण्याचा आकार दर्शवते, अंक रंगाची श्रेणी. या प्रमाणांचे नमुने कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था तयार करते. दाण्याचा आकार वेगळा धरण्यामागे प्रकीर्णनाचे कारण आहे. बारीक दाणा तीच शुद्धता असूनही अधिक पांढरा दिसतो, आणि पिठीसाखर तर सर्वांत पांढरी. यावर उपाय म्हणून इकुम्सा पद्धतीत साखर पाण्यात विरघळवून द्रावणाचे ४२० नॅनोमीटरवरील शोषण मोजतात. दाणाच उरत नसल्यामुळे त्याचा परिणामही उरत नाही. हे परावर्तनाचे मापन नसून शोषणाचे आहे. येथे आकडा जितका कमी तितकी साखर शुभ्र. शुद्धीकृत साखरेसाठी ४५ पर्यंतचा आकडा परिचित आहे.

तांदळात शुभ्रतेचा आकडा गिरणीत किती सडले गेले याचा निदर्शक म्हणून वापरतात. कोंड्यासकटचा तपकिरी तांदूळ या मापावर साधारण २० च्या आसपास, आणि सडलेला पांढरा तांदूळ ४० च्या आसपास असतो. पांढऱ्या तांदळाला भाव अधिक मिळतो, परंतु कोंड्याबरोबर बी-१ जीवनसत्त्वही जाते. क्रिस्टियान एइकमन यांनी १८९० च्या दशकात जावामध्ये पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखी लक्षणे पाहिली; पुढे १९२९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कोकण व गोव्यात खाल्ल्या जाणाऱ्या उकड्या तांदळाला हे माप लावणे मात्र फसवे आहे. उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्यात उतरतो आणि दाणा पिवळसर होतो. त्यामुळे पुरेसा सडलेला उकडा तांदूळही कमी शुभ्रता दाखवतो, आणि त्या आकड्यावरून सडण्याचे प्रमाण काढता येत नाही.

छपरांचे सौर परावर्तन

इमारतींच्या छपरांसाठी वापरला जाणारा ‘सौर परावर्तन’ हा आकडा दृश्य शुभ्रतेपेक्षा वेगळा आहे. सूर्याच्या ऊर्जेचा जवळजवळ अर्धा भाग अवरक्त किरणांत असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सुमारे ३०० ते २५०० नॅनोमीटरपर्यंतचे परावर्तन मोजून सौर वर्णपटानुसार त्याची सरासरी काढतात. छप्पर किती तापेल हे त्याच्या उष्णता उत्सर्जनावरही अवलंबून असते. त्यामुळे दोन्ही मिळून सौर परावर्तन निर्देशांक बनवला आहे. सौर परावर्तन ०.०५ व उत्सर्जकता ०.९० असलेल्या काळ्या पृष्ठभागाला त्यात शून्य, आणि ०.८० व ०.९० असलेल्या पांढऱ्याला १०० धरतात. भारताच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत कमी उताराच्या छपरांसाठी किमान ०.६० सौर परावर्तन अपेक्षित आहे. धूळ व शेवाळ यांमुळे हा आकडा उतरत असल्याने नव्या लेपाचा आणि तीन वर्षे उघड्यावर राहिलेल्या लेपाचा असे दोन आकडे देण्याची पद्धत आहे.

टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण शोषते, म्हणून त्याच्या आधारे बनवलेल्या लेपांना एका मर्यादेपलीकडे जाता येत नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २०२१ मध्ये बेरियम सल्फेटच्या वेगवेगळ्या आकारांच्या कणांपासून केलेल्या रंगाचे सौर परावर्तन ९८.१ टक्के नोंदवले गेले. याउलट, डोळ्यांना गडद दिसणारे पण अवरक्त किरण परतवणारे रंगही उपलब्ध आहेत. त्यांचा शुभ्रतांक काढण्यात अर्थ नसतो, मात्र त्यांचे सौर परावर्तन त्याच छटेच्या साध्या रंगापेक्षा लक्षणीय अधिक असते.